एकच घर

हिद्दच्या किनाऱ्यावर रात्रपाळी म्हणजे
चौदा पंप, एक काचेची खोली, आणि खलफ.
समुद्र आत येतो खारा, बाहेर पडतो नळाचा.
मधे नुसता दाब.
दाबाला आवाज नसतो.
आलाच तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.

अडीचच्या सुमारास खलफ ड्रॉवरमधून पट काढतो.
काळी मोहरी त्याची, हे ठरलेलं.
म्हणतो, पहिली चाल अल्लाने तुला दिली
आणि तू ती रोज परत करतोस.

मी घोडा बाहेर काढतो.
मग राजाच्या बाजूचं प्यादं, एकच घर.
पहिल्या पावलाला दोन घरांची मुभा असते,
खलफची प्यादी ती घेतातच,
मधल्या चौकात तंबू ठोकतात, चूल पेटवतात.
मी रिकाम्या झालेल्या घरात उंट सरकवतो
आणि राजाला आणून त्याच्या पाठीशी बसवतो.
चार चाली.
पाचवीला आणखी एक प्यादं. तेही एकच घर.

खलफ माझ्या उंटाला फील म्हणतो, म्हणजे हत्ती.
माझा हत्ती त्याच्याकडे किल्ला.
वजीर तेवढा दोघांचा वजीरच,
आणि राजा मरतो तोही एकाच शब्दाने.
मी त्याला सांगितलं, आमच्यात म्हण आहे,
उंटावरून शेळ्या हाकणे.
उंट त्याला ठाऊक, शेळ्या त्याच्या आजोबांच्या होत्या,
पण उंटावर बसून?
तो चहा सांडेपर्यंत हसला.
मग पटाकडे बघून हसू आवरलं त्याने.
कोपऱ्यातल्या त्या मुक्या जनावरापासून
तिरकी वाट निघाली होती
थेट त्याच्या घरातल्या कोपऱ्यापर्यंत,
आणि वाटेवर एकही दार लावलेलं नव्हतं.

दोन वर्षांच्या करारावर आलो, सोळा झाली.
दर खेपेला एक सही, एकच घर.
शैलजा फोनवर म्हणते, तुमचं हे खेळणं नाही,
थांबणं आहे.
सावर्ड्याच्या घरावर दुसरा मजला चढला,
त्याच्या खिडक्या मी फोटोत मोजल्या.
ती बरोबर असेल. मला फरक सांगता येत नाही.
पटावर येतो.

एकदा मधेच तिसऱ्या पंपाने बोंब मारली.
धावलो. व्हॉल्व्ह, पाना, कोपरापर्यंत मीठ.
तासाने परतलो तर चहावर साय,
पट जसाच्या तसा.
खलफ उभ्यानेच बघत राहिला.
एकही मोहरा मेला नव्हता, ना त्याचा ना माझा,
तरी तो हात पुढे करी आणि मागे घेई,
ज्याला लावावा ते कुणाला तरी धरून उभं.
कधी केलंस हे, त्याने विचारलं.
मी म्हणालो, अजून काही केलंच नाही.
खरंच नव्हतं केलं.
पहाटे त्याने राजा आडवा केला
आणि न बोलता रीडिंग लिहायला बसला.

रमजाननंतर तो निवृत्त झाला.
केक कापला, मॅनेजरने त्याचं नाव चुकवलं.
त्याच्या जागी आलेला पोरगा फोनवर खेळतो,
तीन-तीन मिनिटांचे डाव, अंगठ्याने.

ड्रॉवर मी बऱ्याच दिवसांनी उघडला.
पट होता, मोहरी मांडलेली, चुंबकाने घट्ट.
पांढऱ्याच्या चार चाली त्याने माझ्यासाठी करून ठेवल्या होत्या:
घोडा, प्यादं, उंट, आणि आडोशाला राजा.
काळ्याकडून फक्त एक प्यादं हललेलं.
दोन नाही.
एकच घर.

नियमात हे बसत नाही.
चार चालींना एक उत्तर,
तीन चाली त्याच्याकडून येणं बाकी.
मी पट तसाच मिटला, वहीत दाब लिहिला, साठ,
आणि खाली, कुणी विचारू नये इतक्या बारीक अक्षरात:
खलफ. येणं.